खिशातल्या गोळ्या

रक्त शिवाप्पाचं, नाव पद्मनाभचं आणि कारल्याचा रस रोज सकाळी सात वाजता पद्मनाभच्याच घशाखाली. असा हा कारभार होता, आणि तो कुणी लादलेला नव्हता. पद्मनाभने स्वतःच्या अकलेने, पूर्ण शुद्धीत आणि जरा हुशारीच्या तोऱ्यातच तो अंगावर ओढून घेतला होता. करायला गेला गणपती आणि झालं माकड, म्हणतात ते हेच. फरक इतकाच की या माकडाला तोंड वाकडं करायचीही सोय उरली नव्हती, कारण समोर बायको उभी असायची.

पद्मनाभ मूळचा नागपूरचा. वय शेहेचाळीस, कानडी मुलखात बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत मॅनेजर. घरापासून ऑफिस चार किलोमीटर, पण गाडीला पाऊण तास लागायचा, आणि तो रस्ता बघून चालत जायची बुद्धी कुणालाही झाली नसती. दिवसाचे दहा तास खुर्चीत, दीड तास गाडीत, उरलेले सोफ्यावर. मीटिंग लांबली की बिस्किटं, मीटिंग संपली की समोसे, रविवारी नागपूरची आठवण म्हणून तर्री पोहे आणि आठवण जरा जास्तच आली की वर जिलबी. पोट एवढं पुढे आलं होतं की बुटाची नाडी बांधायला तो पाय खुर्चीवर घ्यायचा. नीलिमा म्हणायची, "एकदा फुल बॉडी चेकअप कर." तो म्हणायचा, "पुढच्या महिन्यात." असे चार वर्षांचे पुढचे महिने होऊन गेले होते.

यंदा उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, आधी मात्र नीलिमाने त्याला कोंडीत पकडलं. तिच्या कंपनीने नवरा-बायको दोघांची तपासणी फुकट ठेवली होती. तिने स्वतःचं रक्त ऑफिसातच देऊन टाकलं आणि त्याच्यासाठी शनिवारी सकाळी पावणेसातची वेळ घेतली.

"होम कलेक्शन आहे," ती म्हणाली. "तुला सोफ्यावरूनसुद्धा उठायचं नाहीये. आता काय एक्स्क्यूज आहे, सांग."

एक्स्क्यूज होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. पद्मनाभला सुईची भीती नव्हती, भीती होती आकड्याची. त्याच्या वडिलांना साखर होती. आधी ते हसण्यावारी नेत, "गोड माणसाला गोडच रोग होणार," असं म्हणत. मग नवी चप्पल चावली, जखम झाली, ती भरेना. आधी अंगठा गेला, मग गुडघ्याखालचा पाय. डॉक्टरांच्या कागदावर सही पद्मनाभने केली होती, एकोणतिसाव्या वर्षी. त्यानंतर दीड वर्षात वडील गेले. तेव्हापासून त्याने स्वतःपुरतं एक शास्त्र बनवलं होतं : आकडा कळत नाही तोवर माणूस निरोगीच असतो. वेडगळ शास्त्र खरं, पण शिकलेली माणसं असली शास्त्रं फार निष्ठेने पाळतात.

आणि मग त्याला शिवाप्पा आठवला.

सोसायटीच्या मागच्या फाटकाबाहेर, करंजाच्या झाडाखाली शिवाप्पाची इस्त्रीची गाडी होती. माणूस निपाणीकडचा, चव्वेचाळीस वर्षांचा, मराठी बोलणारा, त्यामुळे पद्मनाभशी त्याचं चांगलं जमायचं. त्याची बायको गंगव्वा पद्मनाभकडेच स्वयंपाकाला होती. शिवाप्पा अंगाने नुसता काडी. दिवसभर उभा राहून सात किलोची कोळशाची इस्त्री फिरवायचा आणि लिफ्ट बंद असली तर गठ्ठा खांद्यावर टाकून अकरा मजले चढून यायचा. त्याच्याकडे बघून पद्मनाभच्या मनात आलं, ह्याला कसली आलीय धाड? ह्याचं रक्त म्हणजे गंगाजल.

त्याने शिवाप्पाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. शिवाप्पा आधी हसला.

"रगातच न्हवं? घ्या की. पन अण्णा, त्यात काय निगतंय ते मलाबी सांगायचं हं. गंगव्वा लई मागं लागलीया. दोन-तीन म्हैनं झालं, सारखी तहान लागतीया, रातचं चार-चारदा उठतोय. ती म्हनतीया सरकारी दवाखान्यात जाऊन या. तितं दिवस मोडतोय ओ. हितं बसल्या जागी हुतंय तर बरंच की."

ज्याच्या बापाला साखरेने नेलं त्या माणसाने हे ऐकून कान टवकारायला हवे होते. तहान, रात्रीचं उठणं, उतरलेलं अंग, सगळं त्याने घरात पाहिलेलं होतं. पण पद्मनाभने फक्त "घ्या की" एवढंच ऐकलं. बाकीचं त्याच्या कानावरून गेलं, कारण त्याला ते ऐकायचंच नव्हतं.

"सांगतो ना," तो म्हणाला. "पण गंगव्वाला यातलं काही बोलायचं नाही. ती नीलिमाला सांगेल."

"वचन," शिवाप्पा म्हणाला आणि गळ्याला चिमटा घेऊन दाखवला.

शनिवारी नीलिमा साडेसहालाच योगाच्या क्लासला खाली गेली. शिवाप्पा मागच्या जिन्याने वर आला. आदल्या संध्याकाळपासून त्याने पोटात काही घेतलं नव्हतं, सांगितलेलं काम तो असंच चोख करायचा. पद्मनाभने त्याला आपला टी-शर्ट घालायला दिला. त्यात अजून एक शिवाप्पा मावला असता. रक्त घ्यायला आलेली हर्षिता नावाची मुलगी घाईत होती. तिने मोबाइलकडे बघत विचारलं, "पद्मनाभ? एज फोर्टी सिक्स?" शिवाप्पा अंगठ्याने छातीकडे खूण करत म्हणाला, "हां." दोन नळ्या भरल्या, कापूस लावला, मुलगी गेली. पद्मनाभ बेडरूमच्या दाराआड उभा होता. त्याने बाहेर येऊन शिवाप्पाच्या पाठीवर थाप मारली, स्वतःच्या हाताने चहा करून दिला आणि त्यात तीन चमचे साखर घातली.

रविवारी दुपारी नीलिमाच्या मोबाइलवर रिपोर्ट आला. ती स्वयंपाकघरात होती. तिथला भांड्यांचा आवाज थांबला, म्हणून पद्मनाभने टीव्हीचा आवाज कमी केला. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

"दहा पॉइंट चार," ती म्हणाली. "तीन महिन्यांची सरासरी साखर. साडेसहाच्या वर डायबेटीस म्हणतात पद्मनाभ, आणि तू दहाच्या वर बसलायस. तुला काहीच कसं जाणवलं नाही?"

पद्मनाभला पहिल्या क्षणी काय वाटलं, ते सांगायला लाज वाटते, पण सांगायला हवं. त्याला सुटल्यासारखं वाटलं. माझं नाही, हे माझं नाही! दुसऱ्या क्षणी त्याला शिवाप्पा दिसला, काडीसारखा, खांद्यावर गठ्ठा घेतलेला. तिसऱ्या क्षणी नीलिमा त्याच्या गळ्यात पडून रडायला लागली आणि म्हणाली, "मी तुला काही होऊ देणार नाही." मग काय बोलणार? हे रक्त माझं नाही म्हटलं, तर कुणाचं, आणि का, आणि तुझं कुठाय? तिथून पुढे वाट थेट सुईकडे आणि स्वतःच्या आकड्याकडे जात होती.

तो खाली गेला. अकरा मजले लिफ्टमध्ये त्याने वाक्य जुळवलं : शिवाप्पा, घाबरू नको, पण तुला साखर निघालीय, उद्याच डॉक्टरकडे जायचं. वाक्य चांगलं होतं. पण गाडीपाशी गंगव्वा उभी होती, नवऱ्याला चहा द्यायला आलेली. शिवाप्पाने तिच्या डोक्यावरून नुसत्या भुवया उडवून विचारलं. पद्मनाभने मान डोलावली. कशासाठी डोलावली ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. शिवाप्पा काहीतरी निमित्त काढून फाटकापर्यंत त्याच्याबरोबर चालत आला.

"काय निगालं नाही न्हवं?" तो कुजबुजला.

"नॉर्मल," पद्मनाभ म्हणाला. "सगळं नॉर्मल."

उद्या एकटा सापडला की नीट सांगू, असं त्याने ठरवलं. शिवाप्पा हसत परत गेला आणि त्याने गंगव्वाकडून आणखी एक कप चहा मागून घेतला.

तो उद्या काही आला नाही. आलं ते पथ्य.

नीलिमा पुण्याची. एखादी गोष्ट हातात घेतली की तडीस नेणार. ॲपवरच्या डॉक्टरीणबाईंनी सात मिनिटांत रिपोर्ट पाहून रोज सकाळी एक गोळी लिहून दिली आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा म्हणून सांगितलं. नीलिमाने फ्रिजवर तक्ता लावला. भात बंद, मैदा बंद, साखरेचा डबा घराबाहेर. सकाळी चाळीस मिनिटं चालणं, तेही तिच्या पहाऱ्यात, मग कारल्याचा रस. दुपारी डब्यात दोन ज्वारीच्या भाकऱ्या, उसळ, काकडी. संध्याकाळी मुगाचं धिरडं. आणि हे सगळं करायला गंगव्वा. नीलिमाने तिला शेजारी उभं करून शिकवलं, साखर असलेल्या माणसाला काय चालतं, काय नाही, किती चालतं, कशाबरोबर चालतं. गंगव्वाने ते मन लावून शिकून घेतलं. तिच्या हातची भाकरी तर आधीच पातळ आणि पापुद्र्याची.

"गावाकडं आमी ह्योच खायचो, अक्का," ती एकदा नीलिमाला म्हणाली. "हितं जोंधळा परवडत न्हाई. रेशनचा तांदूळ, तीन टायमाला भात. ह्यांना तर चाच लागतोय, भूक मारायला. दिसाला धा कप."

पद्मनाभ टेबलावर बसून भाकरी चावत होता. घास त्याच्या तोंडात फिरत राहिला. ज्या हातांनी ती त्याला हे वाढत होती, त्याच हातांनी तासाभराने घरी जाऊन नवऱ्याच्या ताटात भाताचा डोंगर वाढणार होती. औषध इथे आणि रोग तिथे, मध्ये एक लिफ्ट आणि एक फाटक. एवढं अंतर ओलांडायला एक वाक्य पुरलं असतं. आणि तेच त्याच्या घशातून बाहेर निघत नव्हतं.

त्याने प्रयत्न केले, नाही असं नाही. पण ते भित्र्या माणसाचे प्रयत्न होते. ऑफिसला निघताना गाडीची काच खाली करून तो म्हणायचा, "शिवाप्पा, चहात साखर जरा स्वल्पच घाल रे."

"तुमचं तुमाला, अण्णा," शिवाप्पा डोळा मिचकावून म्हणायचा. "माझं नॉर्मल हाय की!" त्याला या गुपिताची फार मजा वाटायची. आपलं रगत देऊनही अण्णा फसले, वर कारलंही त्यांच्याच नशिबी आलं, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. अण्णांचा रिपोर्ट मग वाईट कसा आला, हा प्रश्न त्यालाही पडला असणार. एकदा त्याने विचारलंच. पद्मनाभने सांगितलं की नीलिमाला संशय आला, पुन्हा तपासलं, त्यात आपली साखर निघाली. एक खोटं लपवायला दुसरं, असं करत करत त्याच्याकडे आता चांगला संसार जमला होता.

सगळ्यात वाईट ती गोळी. नीलिमा पाकिटातली एकेक गोळी चांदीच्या कागदासकट कात्रीने कापून ठेवायची आणि सकाळी त्याच्या तळहातावर ठेवायची. नसलेल्या रोगाची गोळी घ्यायची कशी? "गाडीत घेतो," म्हणून तो ती पँटच्या खिशात टाकायचा. बऱ्याचशा ऑफिसच्या कचऱ्यात गेल्या. कित्येक खिशातच विसरल्या, आणि पँटसकट इस्त्रीला गेल्या.

आता शिवाप्पाचा एक नियम होता, त्याच्या बापाने निपाणीच्या दुकानात घालून दिलेला. खिशात जे सापडेल ते त्याच माणसाच्या हातात द्यायचं, गठ्ठ्यात बांधायचं नाही, घरच्या दुसऱ्या कुणाकडे सोपवायचं नाही. कारण खिसा म्हणजे माणसाची खासगी जागा. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात तो सगळं जपून ठेवायचा : सुटे पैसे, पेन ड्राइव्ह, कुणाचं कानातलं. पद्मनाभ दिसला की तो डबा उघडायचा.

"अण्णा, ह्या हप्त्यात चार गोळ्या. घेत न्हाई काय तुमी?"

"राहू दे तुझ्याकडेच," पद्मनाभ घाईने म्हणायचा. घरी नेल्या असत्या तर नीलिमाने पाहिल्या असत्या.

"आसं करू नये. अक्का किती जीव टाकतीया तुमच्यावर," शिवाप्पा रागावायचा आणि गोळ्या परत डब्यात ठेवायचा. स्वतःचं औषध तो असा सांभाळत बसला होता, दुसऱ्याची ठेव म्हणून. पद्मनाभला वाटायचं, आत्ता सांगावं, इथेच, या डब्यावर हात ठेवून. मग वाटायचं, सांगितलं तर तो विचारेल, दोन महिने का नाही सांगितलं? उशिराचं असंच असतं. एक दिवस उशीर झाला की सांगणं अवघड, आठवडा झाला की आणखी अवघड आणि दोन महिन्यांनी ते नुसतं सांगणं राहत नाही, कबुलीजबाब होतो.

त्यातच पद्मनाभचं अंग हलकं होऊ लागलं. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. बुटाची नाडी तो आता वाकून बांधायचा. लोक म्हणायचे, वा, काय फिट झालास! आणि तेवढ्याच काळात शिवाप्पाच्या गालाची हाडं वर आली, गठ्ठा घेऊन तो आता प्रत्येक मजल्यावर टेकायला लागला.

मे महिन्याच्या शेवटी एका सकाळी पद्मनाभ चालून परत येत होता; नीलिमा पुढे वर गेली होती. गाडीपाशी त्याला रबर जळाल्याचा वास आला. शिवाप्पा इस्त्री हलवून निखारे फुलवत होता आणि बोलत होता, पावसाचं काहीतरी. पद्मनाभने खाली पाहिलं. इस्त्रीच्या भोकातून एक निखारा निसटून शिवाप्पाच्या डाव्या पायावर पडला होता, चपलेच्या पट्ट्याशी, अंगठा आणि बोटाच्या बेचक्यात. पट्टा वितळत होता. शिवाप्पा बोलतच होता.

"शिवाप्पा, पाय!"

त्याने खाली पाहिलं, पाय झटकला, निखारा उडाला. कातडी पांढरी पडली होती आणि मध्ये काळी.

"आयला," तो आश्चर्याने म्हणाला. "कळलंच न्हाई बगा. आजकाल पाय मुंग्या आल्यागत असतात. दिसभर उभारून हुतंय तसं."

पद्मनाभच्या वडिलांनाही चप्पल चावलेली कळली नव्हती. रक्ताने मोजा भिजला तेव्हा कळली होती.

"डॉक्टरकडे जा," तो म्हणाला. "आजच्या आज."

"कशाला ओ? तेवड्यासाठी?" शिवाप्पा हसला. "साखर-बिखर असती तर भ्यायचं. माझा रिपोर्ट नॉर्मल हाय, तुमीच बगितलाय की."

तिथे कुणीही नव्हतं. गंगव्वा नव्हती, नीलिमा नव्हती, फाटकावरचा वॉचमनसुद्धा पाणी भरायला गेला होता. अशी मोकळी, रिकामी जागा देवाने पुन्हा दिली नसती. पद्मनाभने तोंड उघडलं. आणि तो म्हणाला,

"हळद लाव मग."

हळद लाव! ज्याने बापाच्या पायासाठी सही केली होती, तो माणूस हे बोलला. तो वर गेला, मुकाट्याने कारल्याचा पेला तोंडाला लावला आणि तो सगळा रस त्याने बेसिनमध्ये ओकून टाकला. नीलिमा पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "थोडेच दिवस राहिलेत राजा." त्याला मोठ्याने ओरडावंसं वाटलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नीलिमा त्याला स्वतः लॅबमध्ये घेऊन गेली आणि शेजारच्या खुर्चीत बसली. या खेपेला दुसऱ्या कुणाचा दंड पुढे करायची सोय नव्हती. सुई टोचली तेव्हा त्याने डोळे मिटले नाहीत. काय यायचं ते येऊ दे, असं त्याला प्रथमच वाटलं.

रविवारी सकाळी आकडा आला. सहा पॉइंट एक.

नीलिमाने अक्षरशः उडी मारली. दहा पॉइंट चारवरून सहा पॉइंट एक! तिने दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी लावून आईला पाठवले, बहिणीला पाठवले. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि गंगव्वाचे पिठाचे हात धरून तिला बाहेर घेऊन आली.

"हिच्या हाताचा गुण आहे हा," ती म्हणाली. "गंगव्वा, तुझ्यामुळे माणूस वाचला माझा."

गंगव्वा हसली आणि हसता हसता तिचा चेहरा मोडला. पदर तोंडाला लावून ती खाली बसली.

"अक्का, माझ्याबी मानसाला सांगा की तुमी कायतरी. पाय भाजलाय, पंदरा दिस झालं, भरंना झालाय. काल बोट काळं पडलंय. वास येतोय. आनि म्हनतात दुखत न्हाई. दवाखान्यात चला म्हनलं तर ऐकत न्हाईत. मला काय झालेलं न्हाई, मला म्हाईत हाय, येवडंच बोलतात."

नीलिमाने फोन करून शिवाप्पाला वर बोलावलं. तो आला, खांद्यावर कपडे आणि काखेत तो पत्र्याचा डबा. डावा पाय घासत आला. पायाला गंगव्वाच्या जुन्या साडीची पट्टी होती. नीलिमाने त्याला सोफ्यावर बसवलं. तो टेकेना, मग काठावर टेकला.

"शिवाप्पा, मी तीन महिने याच विषयाचं वाचतेय," नीलिमा म्हणाली. "हे साखरेचं लक्षण आहे. आज, आत्ता टेस्ट करायची."

"न्हाई ओ अक्का. मला साखर न्हाई. खात्रीनं सांगतो."

"कशावरून?"

शिवाप्पाने पद्मनाभकडे पाहिलं आणि तो अगदी बारीक हसला. भिऊ नका अण्णा, मी बोलत नाही, असं ते हसू होतं. मग नीलिमाकडे वळून म्हणाला, "ते सांगता येत न्हाई. वचन हाय एकाला. पन न्हाई मला, बास."

काळं पडलेलं बोट पट्टीतून बाहेर दिसत होतं, आणि हा माणूस पद्मनाभची लाज राखत होता.

"आहे," पद्मनाभ म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला ओळखू आला नाही. "त्याला साखर आहे. दहा पॉइंट चार."

"ते तुझं होतं," नीलिमा म्हणाली.

"माझं नव्हतं. त्याचं रक्त दिलं होतं. मी घाबरलो होतो. त्याला सांगितलं, नॉर्मल आहे म्हणून."

नीलिमाच्या हातात मोबाइल तसाच होता, दोन्ही रिपोर्ट उघडे. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या सपाट झालेल्या पोटाकडे. शिवाप्पाला समजायला वेळ लागला. त्याने काखेतला डबा मांडीवर घेतला, झाकण काढलं आणि चांदीच्या कागदातल्या गोळ्या बोटाने हलवून पाहिल्या. तळ झाकला जाईल इतक्या होत्या.

"म्हंजे अण्णा," तो म्हणाला, "ह्या माज्याच व्हत्या व्हय?"

नीलिमाने गाडीची किल्ली उचलली. पद्मनाभने ती घ्यायला हात पुढे केला, पण तिने दिली नाही.

रविवार असूनही रिंग रोड तुंबलेला होता. पाणी साचलं होतं की काय कोण जाणे, गाड्या बंपरला बंपर लावून उभ्या होत्या. नीलिमा स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत होती. हॉस्पिटलला तिने फोन करून सांगितलं होतं, बोट काळं आहे, किती वेळ आहे आमच्याकडे? तिकडून आलेलं उत्तर तिने कुणाला सांगितलं नाही. मागच्या सीटवर शिवाप्पाचा पाय गंगव्वाच्या मांडीवर होता. काचा बंद होत्या, आणि गाडीत तो वास भरला होता. पद्मनाभने तो ओळखला. सतरा वर्षांत तो विसरला नव्हता. दार उघडून पळून जावंसं त्याला वाटलं, पण दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर बसगाड्या उभ्या होत्या.

"आसू दे गं," शिवाप्पा मागून म्हणाला. "भ्यालेला मानूस काय बी करतोय. हुतंय बरं."

गंगव्वा बोटं मोजायला लागली. उगादी, मग अक्षयतृतीया, मग गावची जत्रा.

"अण्णा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "तीन म्हैनं मी रोज तुमास्नी कारलं पिळून दिलं. भाकरी थापून दिली. रोज माज्या म्होरं बसून खाल्लंत. एकदा तरी म्हनायचं व्हतंत, गंगव्वा, ह्यातलं अर्धं घरी घेऊन जा."

पद्मनाभ समोरच्या काचेकडे बघत बसला. पुढचा सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. गाडी जागची हलली नव्हती.